बियाण्याला उंबरा लागतो

काल सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. सी विंगच्या गच्चीवरून निळसर धूर निघतोय, आणि खाली नव्यानेच राहायला आलेल्या भाडेकरूंचा प्रश्न : गच्चीवर कचरा कोण जाळतंय? त्याखाली रागाची, खोकल्याची, तोंडाला फडकं बांधलेल्या माणसांची चित्रं ओळीने आली. थोड्या वेळाने चेअरमनसाहेबांचं उत्तर आलं. ‘तो कचरा नाही. राब आहे. परवानगी दिलेली आहे.’ राब म्हणजे काय, असं कुणीतरी विचारलं.  त्यावर जुन्या रहिवाशांनी फक्त माझ्या नावाकडे बोट दाखवलं.

मी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली आणि उभी राहिले. आधी शेणाचा गोडसर धूर येतो, त्यामागून ऐनाच्या वाळक्या पानांचा कडवट, आणि शेवटी भाजलेल्या मातीचा. बाकीच्या विंगांमध्ये खिडक्या धडाधड बंद होत होत्या. मला मात्र त्या धुरात एक अख्खा उन्हाळा दिसत होता. खरं तर न आलेला उन्हाळा, कारण मी म्हणते त्या, म्हणजे गेल्या वर्षी उन्हाळा आलाच नव्हता.

राब म्हणजे काय हे ग्रुपवर दोन ओळींत सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे सांगते. पौडकडच्या माले गावाच्या पुढे डांबरी रस्ता सोडून डोंगराकडे वळलं की आमची वाडी लागते. ते माझं सासर. पावसाळ्यात हिरवागार दिसणारा तो डोंगर फाल्गुनात अगदी उघडा पडतो. ऐन, किंजळ, सगळी झाडं पानं टाकून मोकळी होतात, आणि चालताना पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज होतो. वाडीतल्या बायका तो पाला गोळा करतात, पुरुष फांद्या छाटून आणतात. मग भाताच्या खाचराच्या एका कोपऱ्यात खाली शेण, त्यावर फांद्या, त्यावर पाला, गवत आणि सगळ्यांत वर चाळलेली माती अशी थरावर थर गादी घालतात. तोच राब. वैशाखात वारा पडला की तो पेटवायचा. तो सावकाश धुमसत जळतो, त्याच्या धगीने तणाचं बी मरतं, जमीन भुसभुशीत होते, आणि त्या राखेत भाताचं बी टाकलं की रोप असं तरारून येतं की बघत राहावं. सगळी मेख एकाच गोष्टीत आहे. राब पेटवेपर्यंत कोरडा राहिला पाहिजे.

पेटवायचा कधी, हे आमच्या घरात माझे थोरले दीर ठरवतात. त्यांना सगळी वाडी नाना म्हणते. नानांचा नियम एकच : करवंदं काळी झाली की राब पेटवायचा. पंचांग नाही, मोबाईल नाही, बांधावरची करवंदाची जाळी. त्यांच्या वडिलांचा नियम तोच होता आणि वडिलांच्या वडिलांचाही. नाना माझ्याशी कधी थेट बोलत नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्या दिराने समोरासमोर बोलू नये, ही जुनी रीत त्यांनी माझ्या लग्नापासून पाळली आहे. मला काही सांगायचं असलं की ते बैलाला सांगतात, नाहीतर भिंतीला, आणि मी ऐकायचं. बैल विकले तेव्हापासून सगळा भार भिंतीवर आला आहे.

त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंना, आम्ही आक्का म्हणतो. आक्का थेट बोलतात. इतक्या थेट की ऐकणाऱ्याला भिंतीशी बोलणारा माणूस बरा वाटावा.

त्या चैत्राच्या शेवटी एक मोठा कोरडा पट्टा आला होता. वारा पडलेला, पाला कडकडीत. आक्का सकाळी उठून रोज तेच म्हणायच्या, “आज पेटवू या. माझं मन सांगतंय.” नाना जाळीपाशी जाऊन यायचे, हातात दोन करवंदं घेऊन. दोन्ही हिरवीगार. ती आक्कांपुढे ठेवून म्हणायचे, “ह्यांचं मन काय म्हणतंय बग.” शेजारच्या श्रीपतीने मात्र कंटाळून आपला राब पेटवला, आणि दुसऱ्याच दिवशी असा वारा सुटला की त्याची राख उडून आमच्या अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवर येऊन बसली. नाना कुरडईवरची राख बोटाने उचलून आक्कांना दाखवत राहिले. “घाईचं पीक,” म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी नंतर बरेच दिवस पाहिलं नाही.

कारण त्यानंतर पाऊस सुरू झाला. वळीव आला, तासभर कोसळला, गेला, असा नव्हे. वळवाला आमच्याकडे कुणी घाबरत नाही. हा रोज दुपारी यायचा, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा, आणि रात्रीही हलायचा नाही. वैशाखात घाटाकडून धुकं उतरायला लागलं. पुण्याचे लोक छत्र्या आणि कॅमेरे घेऊन मे महिन्यातच पावसाळा बघायला आले. रस्त्याकडेला दर वर्षी पानाच्या द्रोणात करवंदं विकणाऱ्या वरच्या पाड्यातल्या बायकांनी दोन दिवस रस्त्याचा रंग पाहिला आणि तिसऱ्या दिवशी तिथेच शेगडी मांडून मक्याची कणसं भाजायला घेतली. करवंदापेक्षा ती जास्त खपली. हवामान बदललं की माणसाने काय करावं, याचं इतकं चटकन दिलेलं उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

करवंदं मात्र काळी होईनात. ती फुगली, पाणचट झाली आणि तांबूस असतानाच गळायला लागली. नाना रोज जाळीपाशी जायचे, रोज रिकाम्या हाताने यायचे. आमच्या घरातल्या सगळ्यांनीच त्या वर्षी अंदाज वर्तवले आणि सगळ्यांचेच चुकले. आक्कांच्या गुडघ्याने उघाड सांगितली, त्या दिवशी विजा पडल्या. माझ्या नवऱ्याच्या, सुरेशच्या, फोनने पाऊस सांगितला म्हणून आम्ही घरात बसलो, तर दिवसभर लख्ख ऊन. श्रीपतीने मुंग्यांवर विश्वास ठेवला. मुंग्या अंडी घेऊन वर गेल्या, मग खाली आल्या, मग परत वर गेल्या, आणि श्रीपती दिवसभर त्यांच्यामागे मान फिरवत बसला. शेवटी त्याची मान धरली.

इथे आक्कांच्या टोपलीबद्दल सांगायला हवं, कारण एरवी एक राब भिजला तर एवढं काय, असं कुणालाही वाटेल. श्रीपतीला तसंच वाटलं. त्याने दुकानातून बियाण्याची पिशवी आणली. एक वाया गेली तर दुसरी. आक्कांचं तसं नव्हतं. त्यांचा आंबेमोहोर घरचा होता, सासूच्या सासूपासून चालत आलेला, शिजायला लागला की शेजारच्या घरातला माणूस जेवणाचा विचार करायला लागतो असा. आदल्या दिवाळीत कापणीच्या तोंडावर पाऊस पडून उभ्या भाताला लोंबीतच मोड आले होते. अख्खं खाचर गेलं. वाचला तो फक्त एक कोपरा, आणि तोही भांडणामुळे. कापणी कधी करायची यावरून नवराबायकोचं वाजलं होतं, आणि आक्कांनी रागारागाने एकटीने एक कोपरा आधीच कापून टाकला होता. तेवढंच बी शेणाने सारवलेल्या टोपलीत, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलं होतं. ते या साली पेरलं गेलं नाही, तर पुढच्या साली उगवायचं नाही. भाताचं बी फार वाट बघत नाही. म्हणजे तो वास आमच्या घरातून कायमचा जाणार होता.

म्हणून मग फ्लेक्स आले. सुरेशने भूगावला बांधकामांवरून उतरवलेले दोन मोठे फ्लेक्स गाडीच्या टपावर बांधून आणले आणि राबावर पसरले. एकावर लिहिलं होतं, ‘निसर्गाच्या कुशीत दोन बेडरूम.’ दुसऱ्यावर कुण्या युवा नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. काळा चष्मा घातलेला तो भला मोठा चेहरा आमच्या खाचरात आभाळाकडे बघत पडून राहिला. पावसाचं पाणी त्याच्या गालावरच्या खळीत साठायचं. आक्का दिवसातून कितीदा तरी ऊन पडलं की फ्लेक्स उघडायच्या, ढग आला की झाकायच्या, आणि प्रत्येक वेळी त्या चेहऱ्याला वळसा घालून जायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “मतं दिली न दिली, मान्साच्या तोंडावर पाय देऊ न्हाई.”

आठवडाभराने फ्लेक्स पूर्ण उचलला तर खाली हिरवंगार. टाकळा, हरळी, नाव माहीत नसलेली कसली कसली रोपं, उबेत आणि ओलीत अशी माजली होती की खत घालूनही यायची नाहीत. ज्या तणाला जाळण्यासाठी राब घालायचा, त्याच तणाला आम्ही पांघरूण घालून वाढवलं होतं. आक्का बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढी सेवा सासूची केली नव्हती.” आणि मटकन बांधावर बसल्या.

नाना त्या दिवशी जाळीपाशीच होते. मी चहा घेऊन गेले. त्यांच्या तळहातावर एक तांबडं, फुटकं करवंद होतं. ते मला नाही, जाळीला म्हणाले, “झाडं खोटं बोलाय लागली.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. माणूस आपल्या जुन्या मित्राबद्दल काही ऐकतो आणि त्याला ते खरं मानायचं नसतं, तसा तो आवाज होता. मला फार वाईट वाटलं. मागून आक्का आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “झाडं कशापाई खोटं बोलतील? त्यास्नी बी कुनी सांगितलं न्हाई.” मग आम्ही तिघांनी जाळीपाशीच चहा घेतला.

मी पुण्याला लागून असलेल्या सूसला, आमच्या फ्लॅटवर परत आले. दोन दिवसांनी सहज फोन केला. आक्कांनी तिकडचा पाऊस सांगितला, मी इकडचं सांगितलं : इथे नुसतंच आभाळ येतं, पडतो तो पण सुपाने शिंपडल्यासारखा, आणि गच्चीवर सोलरच्या पट्ट्यांखाली तर थेंबही जात नाही, मी तिथेच पापड वाळवले.   आक्कांनी मला मध्येच तोडलं.

“केवढी हाय गं गच्ची?”

त्यांचं सगळं ठरलं होतं. पाला सूसला न्यायचा, सोलरखाली वाळवायचा, तिथेच भाजायचा, भाजीच्या क्रेटांमध्ये माती भरून वर ती राख घालायची आणि बी टाकायचं. माती घरची, शेण घरचं, पाला आपल्या डोंगरातला. फक्त गच्ची परकी. अडलं ते एकाच ठिकाणी. फोन चालूच होता आणि मागून नाना म्हणाले, पेरणीआधी बियाणं उंबऱ्याबाहेर जात नसतं. गेलं की त्याच्यामागून घराची बरकत जाते. हा आमच्याकडचा नियम खराच आहे. घरची पेरणी झाल्यावर उरलंसुरलं कुणालाही द्या, पण त्याआधी मूठभर बीसुद्धा कुणी उंबरा ओलांडू देत नाही.

“शोभा काय परकी हाय व्हय?” आक्का म्हणाल्या. “ह्याच घरची सून. तिचं घर त्ये आपलंच घर.”

नाना भिंतीला म्हणाले, “उंबरा न्हाई त्याला घर म्हनत न्हाईत. खोली म्हनत्यात.”

हे मला नवीन नव्हतं. आमच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली तेव्हा नाना आले होते. दारात थांबले, खाली बघितलं, बाहेरची फरशी आणि आतली फरशी सपाट एकसारखी. आत येऊन जेवले, पण तेव्हापासून परत कधी वर आले नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे येतात तेव्हाही खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि डबा तिथेच मागवतात. “आत कवा आलो आन् भायेर कवा गेलो, त्येच कळत न्हाई तितं,” असं त्यांनी एकदा वॉचमनला सांगितलं होतं, मी शेजारी उभी असताना.

“मंग उंबरा बसवला तर?” आक्कांनी विचारलं.

नाना हसले. पाचव्या मजल्यावर उंबरा कोण बसवणार, या भरवशावर म्हणाले, “मंग न्या खुशाल.”

आक्का उंबरा घेऊन बसने आल्या. जुन्या गोठ्याच्या दाराखालची आंब्याची फळी होती ती, सुरेशने आमच्या दाराच्या मापाची कापून दिलेली. पाल्याची आणि मातीची पोती आधीच ओळखीच्या टेम्पोने रवाना झाली होती, पण फळी त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही. कंडक्टर म्हणाला, “बाई, लगेज लागंल.” आक्का म्हणाल्या, “लगेज न्हाई, उंबरा हाय. पाय नका लावू.” फळीला हळदकुंकू लावलेलं होतं आणि ती बसच्या मधल्या वाटेत आडवी पडली होती. पिरंगुटपासून चढलेला प्रत्येक माणूस ती ओलांडून गेला. दोन म्हाताऱ्यांनी वाकून हात लावून डोळ्यांना लावला. चांदणी चौकात एक आयटीवाला मुलगा कानात वायर घालून चढला आणि नेमका फळीवर उभा राहिला. तेव्हा सगळी बस त्याच्यावर ओरडली. आक्का मांडीवर टोपली घेऊन बसल्या होत्या, पदराखाली झाकून. टोपलीत अर्धं बी होतं. अर्धं त्यांनी नानांसाठी ठेवलं होतं. निघताना म्हणाल्या होत्या, “अर्धं तुमच्या करवंदाला, अर्धं माज्या उंबऱ्याला. बगू कोन जितंय.”

उंबरा बसला, पण मग दार लागेना. सुरेशने दाराची खालची कड रंधा मारून काढली, तेव्हापासून आमचं दार उघडताना शेळीसारखं ओरडतं. पार्सलवाले अडखळतात आणि पार्सल हातात न येता थेट हॉलमध्ये येतं. चेअरमनसाहेबांनी ‘सदनिकेच्या प्रवेशद्वारात अनधिकृत बदल’ अशी नोटीस काढली आणि ती द्यायला आले, तेव्हा स्वतःच अडखळून आत आले. आक्कांनी त्यांना धरलं. “हळू या. आपलंच घर हाय,” म्हणाल्या.

खरी कसोटी राब भाजताना आली. आक्कांनी गच्चीवर विटा मांडल्या, बांधकामावरचं लोखंडी घमेलं ठेवलं आणि वाळलेला पाला, शेण, माती थरावर थर घालून पेटवलं. राब ज्वाळेने जळत नाही, धुमसतो, त्यामुळे आग नाही, धूर फार. चेअरमनसाहेब अग्निशामक नळकांडं छातीशी धरून जिने चढून वर आले. निवृत्त माणूस, नियमाचे पक्के, लिफ्टमध्ये कुत्रा नेण्यावरून त्यांनी वर्षभर पत्रव्यवहार केलेला. मी मनातल्या मनात माफीनामा जुळवत होते.

“बाई, हे काय चाललंय?” ते म्हणाले.

“राब भाजतोय,” आक्का म्हणाल्या. “बरं झालं आलात. ही काडी धरा जरा. हळूहळू हलवायचं. माजं डोळं झोंबत्यात.”

मी तो क्षण कधी विसरणार नाही. साहेबांनी नळकांडं खाली ठेवलं आणि काडी धरली. का धरली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आक्कांच्या आवाजात असं काहीतरी आहे की माणूस आधी काम करतो आणि मग विचार करतो. काडी फिरवता फिरवता त्यांनी विचारलं, कसला भात? आक्कांनी सांगितलं. साहेबांची काडी थांबली. ते म्हणाले, लहानपणी त्यांच्याकडे पौडच्या बाजूने कुणी ओळखीचे हा तांदूळ आणून द्यायचे, आणि आजारी पडल्यावर त्याचा मऊ भात मिळायचा. त्यासाठी ते मुद्दाम आजारी पडायचे. “आता दुकानात त्या नावाचा मिळतो,” ते म्हणाले, “पण मला आजारी पडावंसं वाटत नाही.” त्या संध्याकाळी ग्रुपवर संदेश आला : ‘गच्चीवरील क्रेट सोसायटीची मालमत्ता समजावी. हात लावू नये.’

मग बी टाकलं, आणि कबुतरं आली. ती कुठून आली असं विचारायची सोय नाही, ती इथलीच, आम्हीच नंतर आलो. एका सकाळी आक्कांनी वर जाऊन बघितलं तर एका क्रेटमध्ये माती उकरलेली. त्या खाली आल्या आणि स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. आक्कांना रडताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, बैल गेले तेव्हा. “शोभा, माज्या हातनं गेलं तर?” त्या म्हणाल्या. “सासूच्या सासूनं ठेवलेलं. माज्या हातनं गेलं असं म्हनतील.” मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. 

यावर उपाय निघाला तो हास्यक्लबाचा. साहेबांचा ज्येष्ठांचा हास्यक्लब रोज सकाळी बागेत भरायचा. साहेबांनी तो गच्चीवर हलवला. रोज सकाळी क्रेटांभोवती रिंगण करून ही सगळी ज्येष्ठ मंडळी हात वर करून खदाखदा हसायची, टाळ्या वाजवायची, सिंहासारखी जीभ बाहेर काढून ओरडायची. त्या आवाजाला कबुतरं दुसऱ्या सोसायटीत निघून गेली. दुपारी पाळी लावून एकेक जण वर जाऊन नुसतं हसून यायचा. सुरुवातीला ते व्यायामाचं खोटं हसू होतं. पण मातीतून पहिले हिरवे पोपटी कोंब वर आले त्या सकाळी मीही वर होते, आणि त्या दिवशी कुणी खोटं हसत नव्हतं. आक्का वाकून एकेका कोंबाकडे बघत होत्या आणि डोळे पुसत होत्या. धूर केव्हाच विझला होता.

वाडीत नानांनी आपलं अर्धं बी त्या ओल्या राबातच टाकलं. करवंद काळं झालं नव्हतंच, पण थांबायला वेळही उरला नव्हता. थोडं कुजलं, थोडं उगवलं, उगवलं ते तणात हरवलं. लावणीच्या वेळी आमचे क्रेट टेम्पोतून वाडीला गेले, ऊन लागू नये म्हणून वर तोच युवा नेत्याचा फ्लेक्स. साहेब टेम्पोमागे आपली गाडी घेऊन आले होते. नानांनी एक रोप उचललं, मुळं बघितली, पात उलटीसुलटी केली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते रोपालाच म्हणाले, “बरं हाय. जरा नाजूक हाय. सूसचं हाय.” आणि धोतर खोचून चिखलात उतरले.  माझ्या डोळ्यांपुढे मात्र लावणीभर त्यांचा तो जाळीपाशी उघडा धरलेला तळहात येत राहिला.

त्या दिवाळीत तांदूळ फार झाला नाही, पण टोपली भरली. थोडा साहेबांकडे गेला. ते दोन दिवस घरात पडून राहिले आणि बायकोला म्हणाले, अंगात कणकण आहे.

आता हे वर्ष. यंदा उन्हाळा अगदी जुन्यासारखा आला. फाल्गुनात डोंगर उघडा पडला, चैत्रात पाऊस नाही, करवंदं वेळेवर काळी झाली, टपोरी, शेंड्यापर्यंत. नानांनी मूठभर तोडून आक्कांपुढे ठेवली म्हणे. वाडीतला राब छान भाजला गेला. तरीही आक्कांनी आठवड्यापूर्वीच पाल्याची पोती सूसला धाडली आणि साहेबांना फोनवरून घमेलं कसं मांडायचं ते सांगितलं. “ह्या सालचं साल हाय. पुढलं कुनी पाहिलंय?” म्हणाल्या. पण बी दिलं नव्हतं. नाना ‘न्या’ म्हणत नव्हते, आणि नानांचा नियम मोडून टोपलीला हात लावायची आक्कांचीही इच्छा नव्हती. करवंदं खरं बोलली होती. मग बियाणं उंबऱ्याबाहेर का न्यायचं? काल साहेब राब भाजत होते, पण त्या राखेत काय टाकायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. मी खिडकीत उभी राहून तेच मनात घोळवत होते.

तेवढ्यात दार शेळीसारखं ओरडलं.

दारात नाना उभे होते. लिफ्टने नाही, जिन्याने आले होते, दम लागला होता. काखेत सारवलेली टोपली होती, वरून फडकं बांधलेली. ते आत आले नाहीत. खाली वाकले, उंबऱ्याला हात लावला, तो हात डोळ्यांना लावला, आणि मग एका बोटाने फळी ठोकून बघितली. कान लावून ऐकल्यासारखं केलं. कड कुठे खाल्ली गेली आहे ते नखाने चाचपलं. मला वाटलं, आता उंबऱ्याशीच बोलतील.

मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सरळ माझ्या डोळ्यांत.

“आंब्याचं लाकूड हाय, शोभा. टिकायचं न्हाई,” ते म्हणाले. “आता ह्ये दरसाल लागनार. पुढल्या खेपंला सागाचा आनतो.”

आणि टोपली घेऊन, उजवा पाय आधी टाकून, नाना उंबरा ओलांडून घरात आले.